मॅट ग्लेझ: वरच्या फळीवर खडू, खालच्या फळीवर चकचकीत, आणि हळदीचा डाग कोरड्यावर

चाकावरची_माती:
सहा कोनच्या (कोन म्हणजे भट्टीतल्या उष्णतेने वाकणारा, मोजमापाचा छोटा सुळका) स्टोनवेअर बॉडीवर, म्हणजे पक्क्या भाजणाऱ्या मातीवर, पांढरं मॅट ग्लेझ (बिनचमकीचा काचेचा थर) हवं आहे. दहा इंची ताटं आणि रश्शाच्या वाट्या, हॉटेलच्या थाळीसाठी. सध्याची रीत: तयार ट्रान्सपरंट ग्लेझमध्ये २० टक्के चायना क्ले. समोरून उघडणारी इलेक्ट्रिक भट्टी, ताशी १५० अंशांनी १२२० पर्यंत, १० मिनिटं होल्ड आणि बंद. वरच्या फळीवरची ताटं खडूसारखी कोरडी, खालच्या फळीवरची अर्धवट चमकणारी. तांबडा रस्सा ओतला की कोरड्या ताटावर पिवळट-केशरी गोल राहतो, साबणाने जात नाही. चायना क्ले अजून वाढवू की तापमान वाढवू?

भट्टीराखण:
दोन्ही नको. आधी मॅट कुठल्या जातीचं झालंय ते ओळखा.

ग्लेझ कोरडं दिसायची मुख्य कारणं तीन. पहिलं, ते नीट वितळलेलंच नाही. हे खोटं मॅट. काचेचं जाळं अर्धवट असतं, पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रं राहतात आणि हळद त्यात शिरून बसते. दुसरं, ग्लेझ पूर्ण वितळलं, पण त्यात काच बनवणाऱ्या सिलिकाच्या मानाने ती घट्ट करणारा अ‍ॅल्युमिना इतका जास्त आहे की पृष्ठभाग आरशासारखा सपाट होत नाही. तिसरं, वितळून झाल्यावर थंड होताना आत बारीक स्फटिक धरले. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम जास्त असलं की हे होतं. दुसरं आणि तिसरं बहुतेक वेळा हातात हात घालूनच येतात. खरं मॅट हाताला रेशमासारखं लागतं, खोटं मॅट पाटीसारखं.

परीक्षा सोपी. त्याच ग्लेझची टाइल एक-दोन कोन वर भाजा. सरळ छान चकचकीत काच झाली तर आधीचं मॅट कच्चं होतं. आणि भाजलेल्या कोरड्या ताटावर परमनंट मार्करने रेघ ओढा, दहा मिनिटांनी स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. निळसर सावली उरली तर हळदही उरणार.

तुमची वरची फळी कच्ची आहे असं माझं मत. २० टक्के चायना क्ले घातलीत, पण ती वितळवायला फ्लक्स (वितळायला मदत करणारा घटक) कुठून आला?

कोन_सहा:
प्रत्येक फळीवर कोन ठेवला होता का?

चाकावरची_माती:
नाही. कंट्रोलरवरचा आकडा बघून.

कोन_सहा:
मग १२२० हा आकडा फक्त थर्मोकपलच्या (भट्टीतल्या तापमान मोजणाऱ्या तारेच्या) टोकाचा. कोन तापमान आणि वेळ दोन्ही मिळून मोजतो. सहा नंबरचा ऑर्टन कोन शेवटच्या टप्प्यात ताशी ६० अंशांनी गेलात तर १२२० च्या आसपास वाकतो, ताशी १५० ने गेलात तर त्याला १२४० च्या पुढे न्यावं लागतं. म्हणजे तुमच्या वेगाने १२२० ला सहा कोन झालेलाच नाही, १० मिनिटांच्या होल्डने भरून निघालं असेल तर थोडंफार.

शिवाय थर्मोकपल के टाइप असेल तर १२०० च्या वर वारंवार जाऊन तो हळूहळू सरकतो आणि खोटं सांगायला लागतो. एस किंवा आर टाइप महाग, पण टिकतो. इथे कोल्हापूरजवळ शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावला फाउंड्रीची इन्स्ट्रुमेंटेशनची कामं करणारे आहेत, त्यांच्याकडे कॅलिब्रेशनची चौकशी करा. काही झालं तरी वर, मध्ये, खाली ५-६-७ अशी तीन कोनांची रांग ठेवल्याशिवाय मॅटवर बोलण्यात अर्थ नाही. ट्रान्सपरंट ग्लेझ अर्ध्या कोनाचा फरक पोटात घालतं. मॅट घालत नाही, लगेच चुगली करतं.

ऑक्साइडचा_हिशोब:
आता रेसिपी. तयार ग्लेझमध्ये माती ढकलण्यापेक्षा मुळापासून बांधा. सहा कोन, मॅग्नेशियम-कॅल्शियम मॅट, हा माझा आरंभबिंदू:

पोटॅश फेल्डस्पार २८
बोरॉन फ्रिट २४
टाल्क १४
व्हायटिंग ६
चायना क्ले २८

बेरीज १००. टाल्क म्हणजे आपलं संगजिरं, व्हायटिंग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, फ्रिट म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच. फ्रिट मी फेरो कंपनीच्या ३१३४ नंबरच्या घडणीचं धरलं आहे: सोडियम ऑक्साइड १०, कॅल्शियम ऑक्साइड २०, बोरॉन ऑक्साइड २३, सिलिका ४७ टक्के.

हिशोब एकदा हाताने करून बघा, सॉफ्टवेअर नंतर. प्रत्येक वजनाला रेणुभाराने भागायचं. फेल्डस्पार २८ ÷ ५५६.६ = ०.०५०. त्यातून पोटॅश ०.०५०, अ‍ॅल्युमिना ०.०५० आणि सिलिका त्याच्या सहापट, ०.३०२. चायना क्ले २८ ÷ २५८.२ = ०.१०८, तेवढाच अ‍ॅल्युमिना आणि दुप्पट सिलिका. टाल्क १४ ÷ ३७९.३ = ०.०३७, त्यातून तिप्पट मॅग्नेशियम, चौपट सिलिका. असं करत सगळे फ्लक्स मिळवले की ०.३४५ येतात. आता प्रत्येक आकड्याला ०.३४५ ने भागा, म्हणजे फ्लक्सची बेरीज १ होईल:

पोटॅश-सोडा ०.२६, कॅल्शियम ०.४२, मॅग्नेशियम ०.३२
अ‍ॅल्युमिना ०.४६, बोरॉन ०.२३, सिलिका २.४७

सिलिका भागिले अ‍ॅल्युमिना = ५.४. सगळा जीव या आकड्यात. १९१२ साली आर. टी. स्टल यांनी फ्लक्स कायम ठेवून सिलिका आणि अ‍ॅल्युमिना बदलत टाइल भाजल्या आणि नकाशा मांडला. ढोबळमानाने गुणोत्तर ५ च्या खाली गेलं की मॅट, ५ ते ६ च्या दरम्यान साटन (मंद रेशमी चमक), ७-८ च्या पुढे चकाकी. त्यांचं काम ११ कोनचं, बोरॉन नाही, मॅग्नेशियम नाही, म्हणून आपल्या ग्लेझला तो नकाशा दिशा दाखवतो, घरपत्ता नाही. मॅग्नेशियममुळे आपल्याकडे ५.४ लाच चांगलं मॅट मिळतं.

तुमच्या रेसिपीत काय झालं तेही यावरून कळेल. चायना क्लेने अ‍ॅल्युमिना वाढला हे बरोबर, पण सोबत सिलिकाही आली आणि फ्लक्स तेवढाच राहिला. वितळण्याचा बिंदू वर सरकला, भट्टी तिथेच.

आता पाच कप करा, प्रत्येकी १०० ग्रॅम हा बेस. त्यात गारगोटीची पावडर ०, ५, १०, १५, २० ग्रॅम. गारगोटी म्हणजे दगड, भुदरगड तालुक्यातलं गाव नव्हे. गुणोत्तर अनुक्रमे ५.४, ५.९, ६.४, ७, ७.५ होईल. पाच टाइल एका रांगेत भाजल्या की मॅटपासून चकाकीपर्यंतची सीमा तुमच्याच भट्टीत, तुमच्याच मालाने दिसते. ताटासाठी सीमेच्या थोडं मॅट बाजूला थांबा, अगदी टोकाला नाही. ०.१ ग्रॅमचा काटा लागतोच.

शहाण्याची_माती:
२८ टक्के कच्ची चायना क्ले? वाळताना ग्लेझला भेगा पडतील आणि भट्टीत गोळा होऊन बॉडी उघडी पडेल. मॅग्नेशियमने ग्लेझचा पृष्ठताणही वाढतो, म्हणजे दुहेरी धोका.

ऑक्साइडचा_हिशोब:
बरोबर, लिहायचं राहिलं. निम्मी कॅल्साइन करून घ्या. चायना क्ले बिस्कच्या (एकदा भाजलेल्या, ग्लेझ न लावलेल्या) वाडग्यात भरून बिस्क भट्टीसोबतच १००० ला भाजायची. साधारण १४ टक्के वजन पाण्याच्या रूपात जातं, म्हणून १४ ग्रॅम कच्चीच्या जागी १२ ग्रॅम भाजलेली. रेसिपीची बेरीज ९८ येईल, ती १०० करायला जाऊ नका. रसायन तेच राहतं, आकुंचन कमी होतं.

चाकावरची_माती:
फ्रिट देणारा फक्त नंबर सांगतो, घटक सांगत नाही.

ऑक्साइडचा_हिशोब:
मग दुसऱ्याकडून घ्या. ऑक्साइडची टक्केवारी लेखी मिळाल्याशिवाय फ्रिट घ्यायचं नाही, खाण्याच्या भांड्यासाठी तर नाहीच. शिसं नाही एवढं तोंडी आश्वासन पुरत नाही. आणि आता कोणीतरी विचारणारच म्हणून: कृषी सेवा केंद्रात मिळणारं बोरॅक्स फ्रिटच्या जागी चालत नाही. ते पाण्यात विरघळतं, बिस्कमध्ये शोषलं जातं, बादलीच्या तळाशी खडे धरतं. बोरॉन फ्रिटमधूनच द्यायचं.

भट्टीराखण:
रेसिपीइतकंच थंड करणं महत्त्वाचं, आणि खालच्या फळीच्या अर्धवट चकाकीचं उत्तर बहुधा तिथे आहे. स्फटिक वर चढताना बनत नाहीत, उतरताना बनतात. भट्टी बंद केली की पातळ विटांची छोटी भट्टी धाडकन उतरते, ग्लेझ गोठून काच होतं आणि स्फटिकांना वेळच मिळत नाही. दाराजवळ, कडेला, फटींपाशी हे आधी होतं.

माझा प्रोग्राम असा. बिस्कवर ग्लेझ पूर्ण वाळलेलं असलं पाहिजे. ६०० पर्यंत ताशी १००. ११०० पर्यंत ताशी १५०. तिथून १२२० पर्यंत ताशी ६०. १५ मिनिटं होल्ड, मात्र ती तुमच्या कोनाप्रमाणे कमीजास्त करा. मग १०४० पर्यंत आपोआप उतरू द्या. १०४० ते ८०० ताशी ६०, म्हणजे चार तास. पुढे बंद. १०० च्या खाली आल्याशिवाय दार उघडायचं नाही.

कंट्रोलरला उतरता टप्पा नसेल तर रेग्युलेटर लहान करून, घड्याळ लावून दर पंधरा मिनिटांनी आकडा बघायचा. १५ अंश उतरला पाहिजे. कंटाळवाणं आहे, पण जमतं. बिल थोडं वाढतं, फेकलेल्या ताटांपेक्षा स्वस्त.

दोन टाइल एकाच रेसिपीच्या करा, एक हळू उतरवा, एक नुसती बंद करून. फरक पाहिलात की पुढचं काही समजावून सांगावं लागणार नाही. हळू उतरून फार कोरडं झालं तर टप्पा ९०० ला संपवा.

गुऱ्हाळघर:
एक शंका. गुऱ्हाळातली चिपाडाची राख फुकट मिळते. मॅटसाठी राख घालतात असं ऐकलंय. टाल्कऐवजी घातली तर?

ऑक्साइडचा_हिशोब:
भावा, राख राख सारखी नसते. लाकडाच्या राखेत कॅल्शियम भरपूर, म्हणून ती फ्लक्ससारखी वागते आणि जास्त घातली तर कॅल्शियम मॅटही देते. उसाच्या चिपाडाची राख मुख्यतः सिलिका, थोडं पोटॅश. भाताच्या तुसाची राख तर जवळजवळ सिलिकाच. टाल्क काढून चिपाडाची राख घातलीस की मॅग्नेशियम गेलं आणि सिलिका वाढली. गुणोत्तर वर सरकणार, मॅट गायब. किंवा फ्लक्स इतका घटेल की काहीच वितळणार नाही.

वापरायचीच असेल तर गारगोटीच्या जागी वापर, म्हणजे वरच्या पाच कपांमध्ये. ८० मेशने (इंचाला ८० भोकांच्या चाळणीने) चाळून, धुऊन. धुतल्याने विरघळणारं पोटॅश जातं आणि राख जरा एकसारखी वागते. हातमोजे घाल, राखेचं पाणी हात सोलतं. दर गुऱ्हाळाची, दर हंगामाची राख वेगळी, म्हणून एकदम पोतंभर आणून, कालवून, एकाच लॉटवर नंबर टाक.

शहाण्याची_माती:
बादलीकडे वळूया. निम्मी मॅट ग्लेझं लावण्यात बिघडतात.

१०० ग्रॅम कोरड्याला १०० मिली पाणी घेतलं की घनता १.४४ च्या आसपास येते. मोजायला १०० मिलीचं मोजपात्र काट्यावर ठेवा, शून्य करा, रेघेपर्यंत ग्लेझ भरा. १४४ ग्रॅम भरलं म्हणजे १.४४. ८० मेशमधून दोनदा गाळा. टाल्क पाण्यावर तरंगून गुठळ्या धरतं, म्हणून सगळा कोरडा माल आधी कालवा आणि पाण्यावर भुरभुरत टाका, उलटं नको. रात्रभर भिजू द्या.

फ्रिट आणि टाल्कवालं ग्लेझ खाली बसतं आणि तळाशी दगड होतं. १ टक्का बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी बारीक माती) कोरड्यातच मिसळा. शिरोलीत फाउंड्रीच्या मालाच्या दुकानात मिळतो, पण मोल्डिंगसाठी कोळशाची भुकटी मिसळलेलं मिश्रण गळ्यात मारून घेऊ नका. काळसर दिसलं की समजायचं. तरी बसत असेल तर मॅग्नेशियम सल्फेट, कृषी सेवा केंद्रात उसासाठी मिळतं तेच. गरम पाण्यात विरघळेल तितकं विरघळवून त्या पाण्याचे थेंब टाकत ढवळायचं. किलोभर कोरड्याला १-२ ग्रॅम पुरतं. ढवळणं थांबवल्यावर ग्लेझ फिरत राहून किंचित मागे हेलकावून थांबलं की झालं. झिंक सल्फेटची पिशवी शेजारीच असते, लेबल वाचा.

जाडी अर्धा ते पाऊण मिलिमीटर. सुईने ओरखडून खोली बघा. १००० ते १०४० च्या बिस्कवर दोन-तीन सेकंद बुडवलं की तेवढी येते. पातळ लागलं तर बॉडी ग्लेझमधला अ‍ॅल्युमिना-सिलिकाचा तोल बदलते आणि कडा चमकतात. जाड लागलं तर टाचणीची भोकं आणि गोळे. बिस्कवरची धूळ ओल्या स्पंजने पुसा, तेलकट बोट लागलेल्या जागी ग्लेझ धरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे बिस्क हवेतलंच पाणी पिऊन बसतं, दोन सेकंदांत पुरेसं ओढत नाही. भट्टीवर ठेवून कोमट करा, मग बुडवा. पावसाळ्यात चायना क्लेही ओली येते. ५ टक्के ओल म्हणजे २८ ग्रॅममध्ये जवळजवळ दीड ग्रॅम पाणी तोललंत. वाळवून तोला.

कोन_सहा:
फाउंड्रीच्या दुकानातून सिलिका फ्लोअर (गारगोटीची बारीक पूड) घेणाऱ्यांना: माल चालतो, लोखंड नसेल तर. पण ती २०० मेशची धूळ फुफ्फुसात जाऊन बसते आणि परत येत नाही. एन-९५ मास्क, तोलताना पंखा बंद, टेबल झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. टाल्क आणि चायना क्लेलाही हेच.

चाकावरची_माती:
पाच कप आणि दोन प्रकारचं थंड करणं, म्हणजे दहा टाइल. करतो. ताट पास झालं हे कसं ठरवायचं? हॉटेलवाले विचारणार.

रस्सा_प्रूफ:
ताटाची परीक्षा ताटासारखी घ्या.

लिंबाची फोड टाइलवर रात्रभर, वर वाटी पालथी. सकाळी धुऊन, तिरप्या उजेडात बघा. फोडीचा गोल जास्त मंद किंवा जास्त चमकणारा दिसला तर आम्ल ग्लेझ खातंय. व्हिनेगरमध्ये अर्धी टाइल २४ तास बुडवून ठेवा आणि रेषेच्या वर-खाली तुलना करा. प्रयोगशाळेत शिसं-कॅडमियमची प्रमाण चाचणीही ४ टक्के अ‍ॅसिटिक आम्लात २४ तासांचीच असते. डोळ्यांची परीक्षा तिची जागा घेत नाही, पण नापास माल घरीच पकडते. विक्रीचा माल असेल तर शेवटी प्रयोगशाळेचा कागद हवाच.

मग तेल-तिखट-हळद कालवून गरम टाइलवर तासभर. रश्शात नेमकं हेच असतं: तेलात उतरलेला रंग, वर आंबट. पांढरा रस्सा त्या मानाने गरीब.

तिसरी परीक्षा चमचा. स्टीलचा चमचा दाबून फिरवा. करड्या रेघा आल्या तर ताट ओरखडलेलं नाही, चमच्याचं स्टील स्फटिकांच्या टोकांवर घासून बसलंय. भांड्याच्या पावडरने निघतं, पण पावडर पृष्ठभाग अजून खरबरीत करते आणि पुढच्या वेळी रेघा जास्त. उपाय: ५ ग्रॅम गारगोटीवाला कप घ्या, म्हणजे किंचित साटन. पांढरेपणासाठी झिर्कॉन ८-१० टक्के घालणार असाल तर परीक्षा पुन्हा करा, झिर्कॉनने रेघा वाढतात आणि ग्लेझ घट्ट होतं.

माझं स्पष्ट मत: वाटी आतून चकचकीत लाइनर, बाहेरून मॅट. ताटाचा काठ मॅट, मधला भाग साटन. सगळं मॅट फोटोत छान, भांडी घासणाऱ्या मावशींना ताप.

निळाई:
याच बेसमध्ये रंग? कोबाल्ट कार्बोनेट १ टक्का घातलं तर निळा येईल ना?

ऑक्साइडचा_हिशोब:
ताई, जांभळट येईल. मॅग्नेशियम जास्त असलं की कोबाल्ट जांभळ्याकडे झुकतो. शुद्ध निळा हवा तर टाल्क कमी करून व्हायटिंग वाढवा आणि कॅल्शियम मॅटकडे चला, गुणोत्तर पुन्हा काढा. लाल आयर्न ऑक्साइड ६ टक्क्यांना तपकिरी, जरा मळकट. रुटाइल ४-५ टक्क्यांना दुधी ठिपके. क्रोम-टिनचे गुलाबी स्टेन (तयार रंग) या बेसमध्ये मरतात, त्यांना कॅल्शियम हवं आणि मॅग्नेशियम, झिंक नको. कॉपर मॅटमध्ये सुंदर दिसतं, पण खाण्याच्या बाजूला नको, आम्लात सुटतं.

बेरियम मॅटच्या रेसिपी सगळीकडे फिरतात. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, ताट-वाटीला वर्ज्य. तोच रेशमी पोत हवा तर स्ट्रॉन्शियम कार्बोनेट घ्या, १०० ग्रॅम बेरियमच्या जागी ७५ ग्रॅम.

कुंभारगल्ली:
आमची नेहमीची लाल माती, गणपती आणि पणत्यांची. त्यावर हे चालेल का?

भट्टीराखण:
नाही, दादा. ती माती सहा कोनला फुगेल नाहीतर फळीवर बसेल, आणि फळीही घेऊन जाईल. लाल मातीला १००० ते १०६० ची शिसंविरहित ग्लेझं. हे सहा कोनचं ग्लेझ १०५० ला लावलं तर वितळणारच नाही, तेच धाग्यातलं पहिलं खोटं मॅट. लो-फायरला फ्रिट ८०, चायना क्ले २० पासून सुरुवात करा आणि व्हायटिंग ५-५ ग्रॅमनी वाढवत टाइल भाजा, कुठेतरी मंद होईल. मातीत चुनखडीचे खडे असतील तर ३० मेशने गाळा, नाहीतर भाजून आठवड्याने ग्लेझमधून पांढरे फुटाणे उडतात. आणि ती बॉडी पाणी-तेल शोषते, तळ उघडा राहिला तर रस्सा खालून मुरतो. शोभेच्या वस्तूंना ठीक.

चाकावरची_माती:
कोन आणि स्ट्रॉन्शियम मागवतो. फळ्यांना ग्लेझ चिकटू नये म्हणून वॉश (लेप) कसला?

शहाण्याची_माती:
स्ट्रॉन्शियम या रेसिपीत लागत नाही, पैसे वाचवा. फळीला अ‍ॅल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले निम्मं-निम्मं, दह्यासारखं पातळ, दोन हात. टाइल उभ्या ठेवा म्हणजे वाहतंय का तेही कळेल. खाली बिस्कची बशी. दहाही टाइलच्या मागे नंबर आयर्न ऑक्साइडने लिहा, पेन्सिलचा जळून जातो.